आम्ही जात विचारली, आई विचारली नाही

या पानावर आम्ही एरवी डेंग्यू, रक्तदाब, बाळंतिणीचा आहार अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय मांजर आहे. आरोग्याच्या पानावर मांजर कशाला, असे कुणी म्हणेल. मागच्या उन्हाळ्यापर्यंत आम्हीही तेच म्हटले असते. पण जळगावहून धुळ्याला खोक्यातून आणलेल्या एका पिल्लामुळे आमच्या घरात पाच दिवसांत एक मरण झाले, दोन लेकरांना गजकर्ण झाले आणि अकरा हजारांच्या आसपास पैसे गेले. दोष पिल्लाचा नव्हता. तो विकणाऱ्याचा होता आणि काही न विचारता घेणाऱ्यांचा, म्हणजे आमचाही होता. तुमच्या घरी असे होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

काय घडले

मुलीची सातवीची परीक्षा संपली होती. मोबाइलवर ती रोज पर्शियन मांजरांचे रील पाहायची. लांब केस, बसके नाक, गोल डोळे. "चांगले मार्क पडले तर आणू," असे आम्ही बोलून बसलो होतो. मार्क चांगले पडले.

ओळखीतून जळगावच्या एकाचा नंबर मिळाला. त्याने फोटो पाठवले आणि म्हणाला, "ओरिजनल पर्शियन, डॉल फेस, ब्लू आईज, एकदम शुद्ध जात. दोन महिन्यांचं आहे." नऊ हजार सांगितले, सातवर तुटले. आम्ही त्याला दोनच प्रश्न विचारले. जात खरी आहे ना? मोठे झाल्यावर केस किती लांब होतील? घरी येऊन पाहतो म्हटले, तर तो म्हणाला, "घरात रंगाचं काम चालू आहे भाऊ, स्टँडजवळ आणून देतो." आम्हाला तेही सोयीचे वाटले.

केळीच्या खोक्याला चार भोके पाडून त्यात पिल्लू होते. मे महिन्याच्या दुपारी ते खोके मांडीवर घेऊन एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला आलो. घरी खोके उघडले तेव्हा आजी एवढेच म्हणाल्या, "माय, हाई पिल्लू त मायपासून तोडेल शे." आम्ही हसण्यावारी नेले. वाटीत गाईचे दूध ठेवले.

तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग पातळ, घाण वासाचे जुलाब. पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचे, पण पाणी पीत नव्हते. आम्ही म्हटले, ऊन लागले असेल. चौथ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले. "ताई, हे दोन महिन्यांचं कुठलं? पाच-सहा आठवड्यांचं आहे. आणि डोळ्यांचं म्हणाल तर एवढ्या लहान वयात सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर असतात. रंग नंतर बदलतो." लक्षणे पाहून त्यांनी पॅनल्युकोपेनिया सांगितला, सलाइन लावले, इंजेक्शने दिली. पाचव्या दिवशी पहाटे पिल्लू गेले. मुलीने दोन दिवस नीट जेवण केले नाही.

विकणाऱ्याला फोन केला. "तुम्ही दूध पाजलं, उन्हात नेलं, माझ्याकडे तर खेळत होतं," असे म्हणून त्याने आमचा नंबर ब्लॉक केला. दोन आठवड्यांनी मुलीच्या दंडावर गोल चट्टे उठले. मग धाकट्याच्या मानेवर.

पिल्लू का गेले

पॅनल्युकोपेनिया हा मांजरांमधला विषाणूजन्य आजार आहे. कुत्र्यांच्या पिल्लांना होणाऱ्या पार्व्होचा तो भाऊबंद. तो माणसाला होत नाही, पण लस न घेतलेल्या मांजराच्या पिल्लासाठी बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जातात. म्हणून विकताना पिल्लू उड्या मारत असते आणि घेणाऱ्याच्या घरी जाऊन आजारी पडते. "माझ्याकडे खेळत होतं" हे विकणाऱ्याचे वाक्य खरेही असू शकते. पण आजार बहुधा त्याच्याच पिंजऱ्यातून आलेला असतो.

पहिले काही आठवडे आईच्या दुधातून मिळालेली ताकद पिल्लाचे रक्षण करते. ती हळूहळू ओसरते. कुठल्या पिल्लात कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देतात आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा देतात. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहायला हवे. या काळात ते नुसते दूध पीत नाही. कुठे शी करायची, नखे कधी आत घ्यायची, खेळताना किती जोरात चावायचे, हे सगळे ते आईकडून शिकते.

आता धंद्याचे गणित पाहा. पाच आठवड्यांचे पिल्लू सर्वांत गोंडस दिसते, निळ्या डोळ्यांचे पैसे वेगळे मिळतात, खाण्याचा खर्च अजून सुरू झालेला नसतो आणि लसीची वेळ आलेली नसते. म्हणजे आजाराचा धोका नेमका सुरू होण्याच्या सुमारास ते गिऱ्हाइकाच्या हातात जाते. तिकडे मादी पिंजऱ्यात असते. पिल्ले लवकर काढून घेतली की ती लवकर माजावर येते आणि शरीर भरून येण्याआधी पुन्हा गाभण राहते.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. साध्या फिनाइलवर भरवसा ठेवता येत नाही, शिवाय फिनाइल मांजरांना घातक असते. आधी साबणाने धुऊन, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी घेऊन फरशी दहा मिनिटे ओली ठेवावी लागते. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचे द्रव कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

"शुद्ध जात" म्हणजे काय

विकणारा "शुद्ध जात" म्हणाला आणि आम्ही भुललो. बाबासाहेबांची लेकरे म्हणवणाऱ्या आम्हाला तो शब्द तेव्हा खटकला नाही, याची आज लाज वाटते.

पर्शियन मांजराची ही "शुद्धता" फार जुनी नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यानंतर कुठल्या मांजराचे नाक केवढे, केस किती, हे ठरवणारे नियम तयार होत गेले. नाव इराणचे असले तरी आजच्या पर्शियन मांजराचे रक्त युरोपातल्या मांजरांशी जवळचे आहे, हे जनुकांच्या अभ्यासातून दिसले आहे. ठरावीक रूप टिकवण्यासाठी आपसातच, जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या. रूपासोबत आजारही पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेले.

त्यातला मोठा आजार मूत्रपिंडाचा. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, त्या वाढत जातात आणि मधल्या वयात मूत्रपिंड निकामी होते. वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांमध्ये पर्शियन मांजरांपैकी तीनात एकाला किंवा त्याहून अधिक मांजरांना हा दोष आढळला होता. आई-बाप यांपैकी एकात जरी तो असला, तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. जनुकाची चाचणी करून दोष असलेले मांजर पैदाशीतून बाजूला ठेवता येते. जबाबदार पैदासकार तसे करतात. स्टँडवर खोके देणारा करत नाही.

बसक्या नाकामुळे श्वास अडखळतो, डोळ्यांतून सतत पाणी येते, दात वेडेवाकडे येतात. त्यात आपले खानदेशी ऊन. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत आपल्यालाच दुपारी बसवत नाही, तिथे लांब केसांच्या, नीट श्वास न घेता येणाऱ्या जिवाचे काय होत असेल?

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. बेटीबंदी, म्हणजे आपसातच लग्ने लावण्याचे बंधन, हा जातीचा गाभा आहे, हे त्यांनी त्यात मांडले. पुढे १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये रक्ताच्या शुद्धतेच्या नावाने केलेले जातीचे समर्थनही त्यांनी खोडून काढले. माणूस आणि मांजर एका तराजूत घालायचे नाहीत. पण "शुद्ध रक्त" म्हणून कुणी काही विकायला लागला की थांबून प्रश्न विचारायचे, ही सवय आपल्याला बाबासाहेबांनीच लावली आहे.

घरातल्या माणसांनी काय सांभाळावे

*गजकर्ण.* लांब केसांच्या मांजरांच्या अंगावर गजकर्णाची बुरशी अनेकदा असते. मांजराला खाजही नसते, चट्टाही दिसत नाही, पण कुशीत घेणाऱ्या मुलाला एक ते तीन आठवड्यांत गोल, कडा लाल असलेला, खाजणारा चट्टा उठतो. आमच्याकडून इथे दुसरी चूक झाली. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" आणून लावली. तिच्यात स्टेरॉइड होते. चार दिवस लाली गेली, मग चट्टे दुप्पट पसरले. स्टेरॉइड मिसळलेली मलमे गजकर्ण दाबतात, बरे करत नाहीत. उलट मुळावलेले गजकर्ण बरे व्हायला महिने लागतात. चट्टा दिसला की सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखवा. औषध सांगितले तितके आठवडे पूर्ण लावा. टॉवेल, चादरी वेगळ्या ठेवा, गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. मांजर असेल तर त्याचाही उपचार करा. नाहीतर चट्टे पुन्हा येत राहतात.

*चावा आणि ओरखडा.* मांजरापासूनही रेबीज होतो. एकदा लक्षणे सुरू झाली की जवळजवळ कुणी वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. जखम लगेच नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, तसेच आपल्या तालुक्याचे सरकारी रुग्णालय इथे चौकशी करा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत असते. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस पहिला म्हणजे शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे असतात. रक्त निघाले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. "घरचंच पिल्लू आहे" म्हणून थांबू नका. लस लागणार की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

*गरोदर बाई.* मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि तो पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. विष्ठा बाहेर पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मांजराची माती रोजच्या रोज काढावी आणि ते काम गरोदर बाईने करू नये. कच्चे राहिलेले मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच परजीवी येतो. सुनेला दिवस गेले म्हणून मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

*मांजराला माणसाचे औषध नको.* तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडाची पावडर किंवा औषधही मांजराला लावू नका. गाईच्या दुधाने पिल्लांना अनेकदा जुलाब लागतात.

तरीही घ्यायचेच असेल तर

लेकराला मांजर हवेसे वाटते यात काही गैर नाही. पण पैसे देण्याआधी एवढे पाहा.

१. विकणाऱ्याच्या घरी जा. आई आणि सगळी पिल्ले एकत्र पाहा. स्टँड, चौक, हॉटेल अशा ठिकाणी पिल्लू घेऊ नका. आई दाखवत नसेल तर तिथेच परत फिरा.

२. जन्मतारीख विचारा. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नका.

३. लसीचे कार्ड पाहा. त्यावर लसीचे स्टिकर, तारीख, जनावरांच्या डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. "लस झाली आहे, कार्ड नंतर देतो" याचा अर्थ लस झालेली नाही असाच धरा.

४. डोळे-नाक कोरडे आहेत का, शेपटीखाली घाण आहे का, अंगावर केस गेलेले गोल डाग आहेत का, पोट फुगलेले आहे का, हे हात लावून पाहा.

५. आई-बापांची मूत्रपिंडाच्या आजाराची चाचणी झाली आहे का, ते विचारा. जबाबदार माणूस उत्तर देतो, दुसरा चिडतो.

६. दुकान असेल तर नोंदणी प्रमाणपत्र मागा. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार मांजर, कुत्रा, ससा, पक्षी विकणाऱ्या दुकानाला राज्य पशु कल्याण मंडळाची नोंदणी लागते. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत.

७. पावती घ्या. तीत वय, लस, किंमत आणि दोन्हीकडची नावे लिहून घ्या.

फसवणूक झाली तर

आम्ही पावती घेतली नव्हती, आणि चिडून मोबाइलवरचे संभाषणही पुसून टाकले. तुम्ही तसे करू नका. फोटो, संदेश, पैसे पाठवल्याची नोंद आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पिंजऱ्यात कोंडलेली, आजारी जनावरे दिसली तर पोलीस ठाण्यात किंवा जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे लेखी कळवा. १९६० पासून प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

आपल्या तरुणांसाठी दोन शब्द

हे आम्ही परक्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. आपल्या वस्त्यांतही काही मुले "दोन माद्या आणि एक नर घ्यायचा, वर्षात पैसे वसूल" असा हिशेब करू लागली आहेत. नोकरी नाही, हाताला काम नाही, म्हणून हा विचार येतो, हे आम्ही समजू शकतो. पण त्या हिशेबात लस नसते, आजार नसतो, उन्हाळा नसतो, न विकलेली पिल्ले नसतात. पॅनल्युकोपेनिया एकदा घरात शिरला की सगळी पिल्ले एका आठवड्यात जातात आणि कर्ज मागे राहते.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. शस्त्रांचा, सजीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. सजीवांचा व्यापार याचा अर्थ जुन्या अट्ठकथेने माणसांची विक्री असा दिला आहे. शेळी-कोंबडीवर संसार चालवणाऱ्या घरांना आम्ही नावे ठेवत नाही. पण आईजवळचे पिल्लू लस न देता, खोटे वय सांगून, मरणार हे माहीत असून विकणे हे पंचशीलातल्या निदान तीन शिलांच्या आड येते. त्यात हिंसा आहे, न दिलेले घेणे आहे आणि खोटे बोलणे आहे.

आता आमच्या घरी

डॉक्टरांनी सांगितले होते की दुसरे पिल्लू लगेच आणू नका. आम्ही घर धुतले, जुनी गोधडी जाळली आणि थांबलो. दिवाळीच्या सुमारास मागच्या गल्लीत एका घरी सरपणाच्या ढिगाआड मांजर व्याली. साधी, भुऱ्या पट्ट्यांची. मुलगी रोज जाऊन पाहायची, पण या वेळी तिनेच सांगितले, "दोन महिने झाल्याशिवाय आणायचं नाही."

पिल्लाच्या दोन लसी त्या घरीच झाल्या. तिथल्या काकूंनी पैसे घेतले नाहीत, लसीचा खर्च आम्ही दिला. दुसऱ्या लसीनंतर दोन आठवडे थांबून ते घरी आणले. सहा महिन्यांचे झाल्यावर नसबंदी करायची ठरले आहे. मांजरी चार-पाच महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते, म्हणून त्यात उशीर करायचा नाही. काकूंच्या मांजरीचीही सोबतच करून घेऊ. दोन्ही घरे मिळून खर्च वाटून घेणार आहोत.

मुलीने पिल्लाचे लसीचे कार्ड स्वतःच्या हाताने भरले. त्यावर जातीचा एक रकाना होता. तिथे काय लिहू, असे तिने विचारले. आजी म्हणाल्या, "कोरा सोड."